मिरच्या खडकीत भाजल्या होत्या

अन्याय झाला तो शिउलीवर. शिउली, बांगलादेशातल्या मैमनसिंगजवळच्या एका गावची. काम — बिश्केक शहरातल्या एका शिलाई कारखान्यात जॅकेटांना चेन लावणं. गेल्या हिवाळ्यात, संक्रांतीच्या आदल्या रविवारी, आपल्याकडे जेवणाची वेळ झाली होती तेव्हा, कारखान्याने दिलेल्या खोलीत, कारखान्याने दिलेल्या कोळशाच्या शेगडीच्या गॅसने ती झोपेत मेली. चौकशीच्या कागदावर मात्र असं लिहिलंय की बायका नियम मोडून खोलीत मिरच्या भाजत होत्या, म्हणून ही दुर्घटना झाली.

त्या खोलीत एकही मिरची नव्हती. मिरच्या पुण्यात होत्या. खडकीत, आमच्या तव्यावर. मी समोर बसले होते.

हे वाक्य मला कुठल्याही पत्रकात छापता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. आणि हो, भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. पांढऱ्या साडीतली बाई, मागून हाक मारणारा आजोबा, घाटात लिफ्ट मागणारी मुलगी... वाचायचं आणि मैत्रिणींना पाठवायचं, खाली हसणारे चेहरे टाकून. आमच्या घरात देव्हारा नाही, कधी नव्हता. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, सकाळी वंदना, संपलं. कॉलेजात असताना मी चौकाचौकात उभं राहून हातातून अंगारा काढून दाखवायचे आणि मग तो कसा काढला तेही दाखवायचे. आता कंत्राटी कामगारांच्या एका संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते. पत्रकाचा नियम साधा असतो — जे सिद्ध करता येत नाही ते लिहायचं नाही. आज तो नियम मोडतेय, तेव्हा किती नाइलाजाने मोडत असेन ते समजून घ्या.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको.

आम्ही तिघी. आई, माझी मोठी बहीण सुषमाताई, आणि मी. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूळचे अकोल्याकडचे, पण माझा जन्म खडकीतलाच. बाजाराच्या मागे दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, भिंतीला भिंत लावून कुलकर्णी काका. ताई हडपसरला एका गारमेंट युनिटमध्ये मशीनवर होती. ते युनिट एक दिवस दुसऱ्या राज्यात निघून गेलं. युनिट गेलं, बायका राहिल्या. त्याच हडपसरात एक एजंट भेटला. तो म्हणाला, किर्गिझस्तान, बिश्केक, डोंगरातलं सुंदर शहर, कारखान्याची खोली, मालकाचं इन्शुरन्स. मी तेव्हाच भांडले होते. ताई म्हणाली, "तू पत्रकं वाट. मला मशीन चालवता येते, मी मशीन चालवते."

गेली. शहर सुंदर आहे हे खोटं नव्हतं. ती म्हणायची, रस्त्याच्या टोकाला डोंगर असे उभे असतात, सिंहगडाला चुना फासून त्याच्या मागे आणखी पाच सिंहगड रचल्यासारखे. पण हे ऑक्टोबरपर्यंत. एकदा थंडी पडली की घराघरात कोळसा पेटतो आणि त्या धुरात डोंगर दिसेनासे होतात. डोंगरातल्या शहरात राहतेस आणि डोंगर कुठाय म्हणून आई रोज विचारायची. ताई फोन खिडकीला लावायची. करडं पांढरं, काही नाही.

तिचं रोजचं आयुष्य आम्हाला तोंडपाठ होतं. रात्रपाळी. सकाळी सुटलं की छोट्या व्हॅनमध्ये कोंबून घेऊन यायचे, शेवटचा रस्ता चालत. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर, त्यावरून चालायचं म्हणून बुटांवरून जुने मोजे चढवायचे — ही युक्ती तिला कमलाने शिकवली. कमला नेपाळची, त्याच खोलीतली. नाक्यावर एक आजी गोल, मधे दाबलेली गरम नान विकायची. ताई "रहमत" म्हणायची, म्हणजे धन्यवाद, आणि आजी तिला दर वेळी शुद्ध करून परत म्हणायला लावायची. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. जेवण कारखान्याच्या स्वयंपाकघरात, कारण खोलीत काही शिजवायला बंदी. हे लक्षात ठेवा. तवा, पातेलं, काही खोलीत ठेवायचं नाही. आई रोज विचारायची, घोडा तर खाऊ नाही घातला ना कोणी? ताई रोज म्हणायची, अजून लगामच निघालाय ताटात, घोडा यायचाय.

खोली म्हणजे कारखान्याच्या मागच्या अंगणातली एक कोठी. तीन खाटा — ताई, कमला आणि शिउली. कोपऱ्यात कोळशाची लोखंडी शेगडी, तिची नळी भिंतीतून बाहेर. डिसेंबरात तिघींनी तक्रार केली की खिडकीतून वारा येतो. सुपरवायझर आला आणि खिडकीला प्लास्टिक लावून चहूबाजूंनी चिकटपट्टी मारून गेला. नळीचा जोड ढिला आहे हेही सांगितलं होतं. त्यावर त्याने चिंधी गुंडाळली आणि तार आवळली. झाली दुरुस्ती.

आणि आमची एक सवय होती. ज्यांच्या घरचं कोणी बाहेर आहे त्यांना ती कळेल. आमचा व्हिडिओ कॉल बंद होत नसे. बोलायला काही नसायचंच, नुसता चालू ठेवायचा. ती सकाळी खोलीवर आली की फोन उशाशी उभा करून चार्जिंगला लावायची आणि झोपायची. इकडे आई आपला फोन तेलाच्या डब्याला टेकवून स्वयंपाक करायची. मधून मधून मान वळवून बघायची. ताई झोपलेली दिसली की पुन्हा पोळपाटाकडे. मी चिडायचे, डेटा जातो म्हणून. आई म्हणायची, "लेकरू झोपलेलं पाहाले पैसे लागते का?" आणि डेटाचं गणित तिला समजावणं मी सोडून दिलं.

आता तो रविवार.

रविवारी आमच्याकडे ठेचा-भाकरी. लवंगी मिरच्या, तव्यावर थेंबभर तेल, वर झाकण नाही. आईची एक पद्धत आहे, तिच्या आईची तीच, आणि आमच्याकडच्या बहुतेक बायकांची असेल. मिरच्या भाजल्या की नाही हे ती बघत नाही. ठसक्याची वाट बघते. मिरच्या टाकायच्या, लसूण सोलत बसायचं, पहिला ठसका लागला की हलवायच्या, दुसरा लागला की उतरवायच्या. तो ठसका आमच्यापुरता नसतो. अख्ख्या गॅलरीला लागतो. कुलकर्णी काका दर रविवारी खिडकी आपटून बंद करतात आणि भिंतीपलीकडून ऐकू येईल असं बोलतात. मागच्या रविवारीच म्हणाले होते, "वहिनी, पुढच्या वेळी आधी कळवत चला. आम्ही लोणावळ्याला जाऊन बसू."

मी उंबऱ्यात बसून पत्रकांच्या घड्या घालत होते. आईने मिरच्या टाकल्या. तडतडल्या. फोनवर ताईची खोली... अंधारी, खिडकीवर प्लास्टिक, ताईचं डोकं रजईत, मागे शिउलीच्या खाटेवरची लाल फुलांची रजई. सगळं रोजच्यासारखं. शिफ्ट करून आलेल्या बायका मेल्यासारख्या झोपतात, हे आम्ही रोज म्हणायचो. त्या दिवशीही आई म्हणाली, पाह्य, कशी गाढ झोपली.

हे मी नंतर किती वेळा आठवलं असेल. आम्ही त्यांना मरताना बघत होतो आणि आम्हाला बरं वाटत होतं.

घड्या घालता घालता माझ्या लक्षात आलं की बराच वेळ झाला, ठसका लागलेला नाही. आई लसूण सोलतेय. आणखी सोलतेय. मग ती थांबली आणि म्हणाली, "वास काऊन येऊन नाही राहिला वं?"

मी उठून बघितलं. मिरच्या काळ्या झाल्या होत्या. भाजलेल्या नाही, कोळसा. तवा तापून त्याच्यावरची हवा थरथरत होती आणि धूर नव्हता. वासही नव्हता. मी तव्यावर वाकले. डोळे उघडे ठेवून, लवंगी मिरचीच्या जळक्या तव्यावर, आणि जोरात श्वास घेतला. पाण्याच्या पेल्यात नाक घातल्यासारखं वाटलं.

पहिला विचार सगळ्यांना येईल तोच आला. करोना, नाक गेलं. मी आईच्या हातातला लसूण हुंगला. लसणाचा वास येत होता. चांगला सणसणीत.

आईने डोकं लावलं ते असं, की मिरच्याच कुचकामी निघाल्या, बाजारवाल्याने फसवलं. तिने कोळसा झालेल्या बाजूला सारल्या आणि पिशवीतल्या उरलेल्या सगळ्या तव्यावर ओतल्या. दुसरी कोणी असती तर गॅस बंद केला असता. पण ठसका लागेपर्यंत मिरच्या उतरवायच्या नाहीत, हे आईच्या हातात आहे. डोक्यात नाही, हातात. ती उभी राहिली ठसक्याची वाट बघत. त्या मिरच्याही काळ्या पडायला लागल्या. हवा स्वच्छ.

आणि ठसका लागला. फोनमधून.

ताईचा ठसका मी हजार माणसांत ओळखेन. ती छातीवर हात आपटते आणि शेवटी गाढवासारखा आवाज काढते, यावरून मी तिला लहानपणापासून चिडवलंय. आधी रजई हलली. मग ती ठसकत ठसकत उठून बसली. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यापुढून काहीतरी करडं, पिवळट वळत वर जात होतं. ती डोळे चोळत होती, पाणी वाहत होतं, आणि डोळे न उघडताच ती ओरडली,

"आई, खिडकी उघड गं!"

खडकीत असताना दर रविवारी ओरडायची तसंच. त्याच वैतागाने.

आईने हात लांब करून आमची खिडकी उघडली. तिला ते करताना काही विचित्र वाटलं नाही, मलाही नाही. मग आम्ही एकमेकींकडे बघितलं.

पुढचं तुटक तुटक दिसलं. ताई खिडकीपाशी, नखांनी चिकटपट्टी ओढतेय, ती निघत नाही. कमला उठून खोकतेय, उभी राहिली आणि खाली बसली. ताई दाराकडे जाताना पडली. फोनला धक्का लागला, तो आडवा झाला, छत दिसायला लागलं. दार उघडल्याचा आवाज, आणि छतावर एकदम बर्फाचा पांढरा उजेड. मग बायकांचं खोकणं अंगणात, लांब. मी स्क्रीनला तोंड लावून ताईचं नाव घेत होते. आई माझ्या मागे उभी राहून एकच विचारत होती, लाल रजईवाली उठली का? लाल रजईवाली?

कॉल कट झाला.

आमच्या खोलीत सगळं जिथल्या तिथे होतं. आईने गॅस बंद केला. तव्यावर पिशवीभर मिरच्यांचा कोळसा आणि माझ्या ओढणीला कसलाही वास नाही. थोड्या वेळाने कुलकर्णी काका दारात आले. म्हणाले, "आज ठेचा रद्द का? कळवायचं तरी. तासभर खिडकी लावून घामाघूम बसलोय." मग आमची तोंडं बघितली आणि चप्पल काढून आत आले. ते संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच बसून होते. हा माणूस आमच्या घरात त्याआधी कधी चप्पल काढून आत आला नव्हता.

संध्याकाळी कमलाच्या फोनवरून ताई बोलली, हॉस्पिटलमधून. आवाज खरवडलेला. शिउली गेली होती. तिची खाट शेगडीच्या सगळ्यात जवळ. दोघींनी तिला ओढत बाहेर बर्फात आणलं होतं, तेव्हा ती गरम होती.

मग ताई म्हणाली, "आई, किती मिरच्या भाजल्यास गं? सगळी खोली भरली होती."

मी तिच्या हातून फोन कमलाला द्यायला लावला. मुद्दाम. मला साक्षीदार हवा होता, मी तशीच शिकलेय. कमलाला काही न सांगता विचारलं, जाग कशाने आली? ती म्हणाली, "मिर्ची का धुआँ था दीदी, आँख ही नहीं खुल रहा था. मैं तो सुषमा दीदी को डाँटने वाली थी, यहाँ मिर्ची कौन भूनता है." नर्सने दोघींचे कपडे बदलायला लावले म्हणाली, वॉर्डात सगळे शिंकत होते.

इथवर ज्यांना हा किस्सा वाटत असेल त्यांच्यासाठी पुढचं. कारण पुढचं भुताने केलं नाही, माणसांनी केलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. भाषा कोणाला येते? कारखान्याच्या सुपरवायझरला. तोच, चिकटपट्टीवाला. त्यालाच दुभाषा केलं. ताईने खरं सांगितलं, मिरचीच्या धुराने जाग आली. त्याने ते उत्साहाने लिहून घ्यायला लावलं. शेगडीच्या नळीबद्दल ती जे बोलली ते त्याच्या तोंडातून बाहेर पडलं की नाही, तिला माहीत नाही. आठवड्याभरात कारखान्याची भूमिका तयार — बायका बंदी असताना शेगडीवर मिरच्या भाजत होत्या, त्यासाठी त्यांनी शेगडीशी छेडछाड केली, नळी त्यांनीच हलवली. म्हणजे शिउली स्वतःच्या चुकीने मेली. आणि उरलेल्या दोघी तिच्या मृत्यूला जबाबदार. पासपोर्ट कपाटातच राहणार, चौकशी संपेपर्यंत शहर सोडायचं नाही.

माझ्या बहिणीचा जीव ज्या धुराने वाचवला त्याच धुराने तिला गुन्हेगार केलं.

मी आणि आई हडपसरला एजंटच्या ऑफिसात गेलो. त्याने पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि म्हणाला, "मॅडम, मी तरी काय करणार? तुमच्या ताईंनीच कबूल केलंय ना मिरचीचं." मी म्हटलं, मिरच्या खोलीत नव्हत्या. तो म्हणाला, "मग कुठे होत्या?"

सांगा, तुम्ही असतात तर काय उत्तर दिलं असतं?

आई शांतपणे म्हणाली, "माह्या तव्यावर."

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघून गंभीर चेहरा केला आणि म्हणाला की काकूंना मानसिक धक्का बसलाय, त्यांना घरी घेऊन जा.

आमच्या संघटनेतले विनायकदादा, ज्यांनी मला लिहायला शिकवलं, ते त्याच संध्याकाळी घरी आले. सगळं ऐकून घेतलं. खोटं बोलतेस असं म्हणाले नाहीत, एवढं त्यांचं श्रेय. म्हणाले, "मिरची काढून टाक. ताईला सांग, जबाब बदल. डोकं दुखून जाग आली म्हणावं. ते पटतं, डॉक्टरही मान्य करतील. केस वाचेल." मी म्हटलं, पण ते खरं नाही. ते म्हणाले, "अगं, तू काय सिद्ध करणार आहेस? भानामती?"  हेच वाक्य मी इतरांना चौकात विचारलंय.

मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "आज ठसका खोटा म्हटला तर उद्या नळी खोटी म्हणतील. मी जे झालं ते सांगणार. तुला वास आला नाही, तू तुझं सांग."

तिने जबाब बदलला नाही. शेवटी तिला सोडवलं ते नाक्यावरच्या नान विकणाऱ्या आजीने. आरडाओरडा ऐकून अंगणात सगळ्यात आधी तीच धावली होती. ती आपण होऊन चौकीत गेली आणि म्हणाली, मी खोलीत शिरले होते, तिथे ना तवा होता ना भांडं, शेगडीवर फक्त कोळसा होता, आणि नळी चिंधीसकट लोंबत होती. स्वयंपाकघर अंगणापलीकडे, त्याला सुपरवायझरचं कुलूप. मग दोघींवरचा आरोप बारगळला. पासपोर्ट मिळाले. मार्चमध्ये ताई घरी आली, कमला तिच्या घरी गेली. पण कागदावरचं कारण कोणी बदललं नाही. दोघी सुटल्या, आणि ज्या बाईला आता बोलता येत नाही तिच्या नावावर चूक ठेवून फाइल बंद केली.

कारणं मी शोधली. मी तशीच आहे. सदाशिव पेठेतल्या एका नाक-कान-घसा डॉक्टरांकडे आईला आणि स्वतःला घेऊन गेले. नाकं ठणठणीत. ते म्हणाले, विषारी गॅसने मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की नसलेले वास येऊ शकतात. ताईच्या बाबतीत मानते. कमलाला तोच वास, त्याच वेळी? योगायोग, ते म्हणाले. वॉर्डातले लोक शिंकले त्याचं? ऐकीव माहिती. आणि आमच्या तव्याचा धूर कुठे गेला, कुलकर्णी काकांच्या घरी का गेला नाही? यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "फी राहू द्या." पुण्यात डॉक्टर फी राहू द्या म्हणतो तेव्हा प्रकरण गंभीर समजावं. नंतर आम्ही पुन्हा मिरच्या भाजल्या. त्याच बाजारवाल्याच्या, त्याच तव्यावर. पहिल्या मिनिटाला गॅलरी खोकायला लागली.

 मी आजही आत्मा, शक्ती, संकेत यातलं काही मानत नाही, आणि हे वाचून कोणी मला ताईत पाठवणार असेल तर पाठवू नये. झालं ते झालं, एवढंच म्हणते.

एक गोष्ट राहिली. ताई परत आल्यावर शिउलीच्या आईचा फोन आला. गावातल्या कोणीतरी लावून दिला होता. तिला हिंदी मोडकं येतं. तिला कारखान्याने सांगितलं होतं की पोरीने मिरच्या जाळल्या. स्क्रीनवर पदराने अर्धा चेहरा झाकलेली बाई, मागे पत्र्याची भिंत. तिने ताईला एवढंच विचारलं, "मिर्ची कौन जलाया?" 

आईने फोन घेतला. म्हणाली, "मैंने जलाया. इधर, पुणे में. तुम्हारी बेटी ने नहीं."

 मला वाटलं पलीकडची बाई चिडेल, वेडी म्हणेल, फोन ठेवेल. ती म्हणाली, "फिर मेरी बेटी को क्यों नहीं उठाया?"

  फोन ठेवल्यावर आई तव्याकडे बघत म्हणाली, "तिची खाट फोनपासून लांब होती वं. आणखी मिरच्या आणाले पाह्यजे होत्या."

मी तिला सांगितलं की आई, मिरच्यांनी माणसं वाचवायची नसतात. नळीने वाचवायची असतात. उघडणाऱ्या खिडकीने. ती मालकाने द्यायची असते आणि त्याने दिली नाही. ती मान हलवते, पण तिला ते पटत नाही. आणि तिला हे ओझं वाहावं लागतंय याची मला जेवढी चीड आहे तेवढी त्या धुराच्या कोड्याचीही नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला हा अनुभव खोटा वाटत असेल तर खुशाल वाटू द्या, मला प्रतिक्रिया नकोत. पण तुमचं कोणी थंड गावात, परक्या मालकाच्या खोलीत झोपत असेल, बिश्केक असो, मनाली असो, कुठेही, तर आत्ता कॉल लावा. जेवलास का, झोपलीस का, हे नंतर. चेहरा नको, खोली दाखव म्हणावं. शेगडी कुठे आहे, तिची नळी भिंतीबाहेर जाते का, जोडावर चिंधी आहे का, ते फोन जवळ नेऊन दाखवायला सांगा. मग खिडकी उघडायला लावा, तुमच्या डोळ्यांदेखत. नाही उघडली, तर त्याला आधी बाहेर अंगणात यायला सांगा, आणि तो बाहेर उभा दिसेपर्यंत कॉल बंद करू नका.